घटस्फोटानंतर अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज : तीन वर्षांची वाट बंद झाल्यावर

अमेरिकन नागरिकाशी लग्न झाल्यामुळे ग्रीन कार्ड मिळाले आणि पुढे ते लग्न मोडले, अशा व्यक्तीने वकिलाला फोन करण्यापूर्वी स्वतःचे कार्ड हातात घ्यावे आणि त्यावरील 'रेसिडेंट सिन्स' या शब्दांपुढची तारीख कागदावर उतरवून ठेवावी. त्याच कागदावर आणखी तीन तारखा लिहाव्यात : लग्नाची, दोघे वेगळे राहू लागल्याची आणि घटस्फोटाचा अंतिम हुकूम अमलात आल्याची. पुढे येणारा जवळजवळ प्रत्येक प्रश्न या चार तारखांपाशी येऊन थांबतो. ज्यांचे अर्ज अडकतात त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत अडचण घटस्फोटाची नसते. एका फॉर्मवर लिहिलेली तारीख दुसऱ्या फॉर्मवरील तारखेशी जुळत नाही, ही खरी अडचण असते.

घटस्फोटामुळे ग्रीन कार्ड आपोआप रद्द होत नाही आणि नागरिकत्वाचा हक्कही जात नाही. बदलते ती मुदत. नागरिकाच्या जोडीदाराला तीन वर्षांनी अर्ज करता येतो, इतरांना पाच वर्षांनी. लग्न संपले की आपण 'इतर' होतो. ग्रीन कार्डावर आधी काढलेली वर्षे मात्र वाया जात नाहीत, ती पाच वर्षांत मोजली जातात. एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जावर माजी पती किंवा पत्नीची सही लागत नाही आणि त्यांची परवानगीही लागत नाही. "मी सही केली नाही तर तुला नागरिकत्व मिळणार नाही," ही धमकी भांडणात सर्रास दिली जाते. तिला कायद्यात काहीही आधार नाही.

तीन वर्षे की पाच वर्षे

तीन वर्षांची सवलत इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३१९ मध्ये आहे. तिच्यासाठी जोडीदार तीन वर्षे नागरिक असावा लागतो, अर्जदार तीन वर्षे ग्रीन कार्डधारक असावा लागतो आणि अर्जापूर्वीची तीन वर्षे दोघे पती-पत्नी म्हणून एकत्र राहत असावे लागतात. शिवाय हे लग्न शपथविधीपर्यंत टिकावे लागते. मुलाखत उत्तम झाली, अर्ज मंजुरीस पात्र ठरला आणि शपथेच्या आदल्या आठवड्यात घटस्फोटाचा हुकूम निघाला, तर तीन वर्षांचा आधार तिथेच संपतो.

तीन वर्षांच्या नियमाखाली अर्ज भरलेला असताना घटस्फोट झाला, तर काय करावे? अर्ज भरला त्या दिवशी तुमची पाच वर्षे आधीच पूर्ण झाली होती का, हे आधी पाहावे. झाली असतील तर घटस्फोटाची प्रत देऊन, आपला अर्ज कलम ३१६ च्या सर्वसाधारण नियमाखाली विचारात घ्यावा, अशी लेखी विनंती यूएससीआयएसकडे, म्हणजे नागरिकत्व व इमिग्रेशनचे अर्ज पाहणाऱ्या सरकारी खात्याकडे, करता येते. झाली नसतील तर अर्ज मागे घेऊन योग्य वेळी नवा भरणे हा स्वच्छ मार्ग आहे. भरलेली फी परत मिळत नाही, पण नकारापेक्षा आणि त्याहीपेक्षा घटस्फोट लपवून दिलेल्या शपथेवरच्या उत्तरापेक्षा ते नुकसान फार लहान आहे. लग्न कागदोपत्री शिल्लक आहे पण दोघे वेगवेगळ्या घरांत राहतात, अशा अवस्थेत तीन वर्षांचा अर्ज भरण्याचा मोह अनेकांना होतो. तो मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. अधिकारी पत्ता विचारतो, करविवरणपत्र पाहतो, आणि एकत्र राहत असल्याचे खोटे उत्तर 'शपथेवर खोटे बोलणे' या सदरात जाते. त्याची किंमत उरलेली दोन वर्षे थांबण्याहून खूप जास्त असते.

या नियमाला एक महत्त्वाचा अपवाद आहे आणि तो पुरेसा माहीत नसतो. नागरिक जोडीदाराने मारहाण केली असेल किंवा अतिशय क्रूर वागणूक दिली असेल आणि ग्रीन कार्ड त्याच नात्यातून मिळाले असेल, तर घटस्फोटानंतरही तीन वर्षांनी अर्ज करता येतो. अशा अर्जदाराला एकत्र राहण्याची अट लागू होत नाही. हा बदल २००० साली कायद्यात झाला आणि तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. क्रूरता म्हणजे केवळ शारीरिक मारहाण नव्हे. पासपोर्ट काढून घेणे, पैसे अडवणे, हद्दपारीची सतत धमकी देणे, कोणाशी बोलू न देणे, हे सर्व एकत्रितपणे त्यात बसू शकते. पोलीस तक्रार नसली तरी डॉक्टरांच्या नोंदी, समुपदेशकाचे पत्र, त्या काळात बहिणीला किंवा मैत्रिणीला पाठवलेले संदेश पुरावा ठरतात. अशा प्रकरणांतील माहिती छळ करणाऱ्या व्यक्तीला देण्यास सरकारी यंत्रणेला कायद्याने मनाई आहे.

कार्ड दोन वर्षांचे असेल तर

ग्रीन कार्ड मिळाले त्या दिवशी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील, तर कार्ड सशर्त असते. त्याची मुदत दोन वर्षांचीच असते आणि त्यावर सीआर-१ किंवा सीआर-६ असा वर्ग छापलेला असतो. ही अट काढून घेण्यासाठी आय-७५१ हा अर्ज करावा लागतो. लग्न टिकून असेल तर पती-पत्नी तो मिळून, कार्ड संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत करतात. लग्न मोडले असेल तर हाच फॉर्म एकट्याने भरायचा असतो आणि त्यात संयुक्त सहीच्या अटीतून सूट मागायची असते. या सुटीला सगळे 'वेव्हर' म्हणतात.

वेव्हरसाठी ९० दिवसांची खिडकी लागू नाही. घटस्फोट झाल्यावर, कार्डाची मुदत शिल्लक असताना केव्हाही तो भरता येतो. म्हणून हुकूम हातात पडल्यावर कार्ड संपण्याची वाट पाहत बसू नये. वेव्हर मागण्याची कारणे वेगवेगळी असतात. लग्न खऱ्या हेतूने केले होते पण ते घटस्फोटाने संपले, हे पहिले. जोडीदाराने छळ केला, हे दुसरे. देश सोडावा लागल्यास अतोनात हाल होतील, हे तिसरे. एकापेक्षा जास्त कारणे लागू असतील तर सगळ्यांवर खूण करावी, कारण एक कारण कमी पडले तर दुसरे उपयोगी पडते.

खरा पेच असतो तो कार्ड संपत आले आहे, जोडीदार सही करीत नाही आणि कोर्टातला दावा अजून चालू आहे, अशा वेळी. काही न भरता मुदत जाऊ देणे हा यातला सर्वांत वाईट पर्याय आहे. दावा दाखल झाल्याचा कोर्टाचा कागद जोडून वेव्हरचा अर्ज भरावा. यूएससीआयएस पुढे पत्र पाठवून अंतिम हुकूम मागते, तो दिलेल्या मुदतीत द्यावा लागतो, नाहीतर अर्ज नामंजूर होऊ शकतो. आधी दोघांच्या सहीने भरलेला अर्ज प्रलंबित असताना घटस्फोट झाला, तर नवा अर्ज लागत नाही. हुकुमाची प्रत आणि 'हा अर्ज वेव्हरमध्ये बदलावा' असे सहीचे पत्र पाठवले की तोच अर्ज पुढे चालतो.

आय-७५१ ची फी १ एप्रिल २०२४ पासून ७५० डॉलर आहे. अर्ज पोहोचल्याची जी पावती येते ती जुन्या कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढवते. नोकरीसाठी आणि प्रवासासाठी जुने कार्ड व ही पावती एकत्र दाखवावी लागते, म्हणून ती घरातल्या लग्नाच्या अल्बमइतकी जपून ठेवावी. हा अर्ज रेंगाळला आणि दरम्यान पाच वर्षे पूर्ण झाली, असेही घडते. त्यामुळे नागरिकत्वाचा अर्ज रोखून धरण्याची गरज नाही, तो भरता येतो. मात्र अट काढल्याशिवाय शपथ मिळत नाही, म्हणून मुलाखतीला जाताना दोन्ही अर्जांची तयारी हवी.

लग्न खरे होते, हे कसे दाखवायचे

कार्ड दहा वर्षांचे असले तरी हा भाग ओलांडून पुढे जाऊ नये. नागरिकत्वाच्या वेळी मूळ ग्रीन कार्ड कायदेशीर रीतीने मिळाले होते का, हे अधिकारी पुन्हा तपासू शकतो, आणि लग्न लवकर मोडले असेल तर तो बहुधा तपासतोच. त्याला लग्न का संपले यापेक्षा ते कोणत्या हेतूने सुरू झाले, यात रस असतो. घटस्फोटाच्या काळात माणूस समोरच्याच्या चुकांची यादी घेऊन वावरत असतो आणि तीच अधिकाऱ्यापुढे मांडतो. ती यादी इथे निरुपयोगी आहे. एकत्र भाड्याने घेतलेले घर, संयुक्त बँक खाते, एकत्र भरलेले करविवरणपत्र, एकमेकांच्या नावे केलेला विमा, मुलांचे जन्मदाखले, सणावारांचे व प्रवासाचे फोटो, हे उपयोगी पडते. लग्न वाचवण्यासाठी समुपदेशकाकडे गेला असाल तर त्या भेटींची पावती फार बोलकी असते, कारण खोट्या लग्नासाठी कोणी पैसे मोजून समुपदेशन घेत नाही. आय-७५१ सोबत लग्न जवळून पाहिलेल्या किमान दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रेही जोडता येतात. 'ते सुखी जोडपे होते' एवढेच लिहिलेले पत्र कोरडे ठरते. कोणत्या वर्षी, कोणत्या घरी, काय पाहिले, हे त्यात असावे.

आपल्याकडच्या अनेक संसारांत घराचा करार, वीजबिल, बँक, गाडी, सगळे एकाच्याच नावावर असते आणि घर सोडताना दुसऱ्याच्या हाती एक बॅग उरते. अशा व्यक्तीने पुरावाच नाही म्हणून खचून जाऊ नये. संयुक्त करविवरणपत्राचा सरकारी उतारा आयआरएस या अमेरिकन करखात्याकडून दोघांपैकी कोणालाही एकट्याने मिळवता येतो. आरोग्यविम्यावर आश्रित म्हणून असलेले नाव, डॉक्टरांच्या फॉर्मवर आणीबाणीसाठी लिहिलेले जोडीदाराचे नाव, त्या पत्त्यावर आलेले स्वतःच्या नावाचे पाकीट, मुलाच्या शाळेतील पालकांच्या नोंदी, हेही पुरावेच आहेत. शिवाय यूएससीआयएसकडे माहितीच्या कायद्याखाली स्वतःच्या फाइलची प्रत मागता येते. ती अवश्य मागवावी. काही वर्षांपूर्वी कोणी घाईघाईत भरलेल्या फॉर्मवर आपल्या नावाने काय लिहिले गेले आहे, हे मुलाखतीच्या टेबलावर पहिल्यांदा कळणे बरे नव्हे.

घटस्फोटाचा हुकूम नीट वाचावा. त्याची तारीख वाटते तितकी सरळ नसते. मॅसॅच्युसेट्समध्ये आधी 'नायसाय' म्हणजे तात्पुरता निकाल मिळतो आणि तो ९० दिवसांनी पक्का होतो. कॅलिफोर्नियात प्रतिवादीला कागद मिळाल्यापासून किमान सहा महिने गेल्याशिवाय वैवाहिक नाते संपत नाही, मग निकालपत्रावर सही आधी झालेली असली तरीही. फॉर्मवर लिहायची ती नाते संपल्याची तारीख. दुसरे म्हणजे, जोडीदाराने लग्न फसवणुकीचे होते असा आरोप करून ते रद्दबातल ठरवण्याचा दावा केला असेल, तर त्याला उत्तर न देता एकतर्फी निकाल होऊ देऊ नये. त्या निकालातले एक वाक्य इमिग्रेशनच्या फाइलमध्ये आयुष्यभर राहते.

भारतात घटस्फोट झाला असेल तर न्यायालयाच्या शिक्क्याची प्रमाणित प्रत लागते. हुकूम मराठीत किंवा हिंदीत असेल तर संपूर्ण इंग्रजी भाषांतर जोडावे आणि त्याखाली भाषांतरकाराने आपल्याला दोन्ही भाषा येतात व भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, असे लिहून सही करावी. उलट, हिंदू विवाह कायद्याखाली भारतात लग्न करून अमेरिकेत घटस्फोट घेतलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. परदेशी घटस्फोट कोणत्या परिस्थितीत मानायचे, याचे निकष भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली घालून दिले आहेत, आणि एकतर्फी किंवा भारतीय कायद्यात नसलेल्या कारणावर दिलेला हुकूम तिथे मानला जाईलच असे नाही. अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जाला याची सहसा झळ लागत नाही. भारतात पुन्हा लग्न करायचे असेल तर लागते.

पाच वर्षांचा हिशेब

समजा एखाद्या स्त्रीच्या कार्डावर 'रेसिडेंट सिन्स' १४ जून २०२१ आहे. जानेवारी २०२३ मध्ये दोघे वेगळे राहू लागले आणि ३ मे २०२३ रोजी घटस्फोट झाला. लग्न टिकले असते तर तिची तीन वर्षे १४ जून २०२४ रोजी भरली असती. आता तिची पाच वर्षे १४ जून २०२६ रोजी भरतात. मुदतीच्या ९० दिवस आधी अर्ज करण्याची मुभा असल्याने १६ मार्च २०२६ पासून ती एन-४०० भरू शकते. अगदी पहिल्याच दिवशी भरण्याची घाई करू नये. मोजण्यात एका दिवसाची चूक झाली तरी अर्ज मुदतीआधीचा ठरतो, म्हणून चार दिवस जाऊ द्यावेत. सशर्त कार्डाची दोन वर्षे यात धरली आहेत, हे लक्षात येईलच.

या पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत घालवलेले असावे लागतात, आणि अर्ज भरताना ज्या राज्यात राहता तिथे तीन महिने झालेले असावे लागतात. वेगळे झाल्यावर भावाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेलेल्यांनी ही तीन महिन्यांची अट विसरू नये.

सर्वांत जास्त अर्जदार अडखळतात ते सलग वास्तव्याच्या अटीवर. घटस्फोटाच्या दिवसांत माणूस आईवडिलांकडे जातो आणि दीड महिन्यासाठी गेलेला सात-आठ महिने तिथेच राहतो. हे समजण्यासारखे आहे, पण कायदा ते समजून घेत नाही. एकच प्रवास सहा महिन्यांहून जास्त आणि एका वर्षाहून कमी असेल, तर वास्तव्य खंडित झाले असे गृहीत धरले जाते आणि ते तसे नाही हे आपल्याला सिद्ध करावे लागते. वर्षभर किंवा त्याहून जास्त राहिल्यास खंड पडतोच. गृहीतक खोडण्यासाठी अमेरिकेतील नोकरी चालू असणे, घर ताब्यात असणे, कुटुंब मागे राहिलेले असणे, असे पुरावे मागितले जातात. घटस्फोट नेमक्या याच गोष्टी हिरावून घेतो, ही यातली खरी क्रूर गंमत आहे. म्हणून लांब मुक्काम अटळ असेल तर निदान पगारी रजेचे पत्र, चालू असलेला भाडेकरार किंवा सामान ठेवलेल्या गोदामाच्या पावत्या, भरलेले कर, असे काही मागे राहील याची तजवीज करावी. खंड पडलाच, तर परत आल्यानंतर चार वर्षे आणि एक दिवस उलटल्यावर पुन्हा अर्ज करण्याचा रस्ता असतो, पण तिथेही जुन्या गैरहजेरीचा काही भाग शेवटच्या पाच वर्षांत मोडत असल्याने स्पष्टीकरण तयार ठेवावे लागते. आणखी सहा महिने थांबले तर तोही प्रश्न उरत नाही.

सद्वर्तन, कर आणि मुलांचा खर्च

पाच वर्षांतले वर्तन चांगले असावे, ही अट घटस्फोटितांच्या बाबतीत तीन ठिकाणी टोचते. पहिले ठिकाण कराचे. अमेरिकन करकायद्यात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबर रोजी तुम्ही विवाहित होतात की नाही, हे पाहिले जाते. वेगळे राहत होतो म्हणून 'सिंगल' असे विवरणपत्र भरणे, घटस्फोट अजून झालेला नसताना, सहसा चूक असते. त्यातून दुहेरी घोटाळा होतो : कर कमी भरला गेला असू शकतो, आणि इमिग्रेशनला विवाहित व आयआरएसला अविवाहित असे सांगितल्याचा कागद तयार होतो. अशी चूक झाली असेल तर १०४०-एक्स हे सुधारित विवरणपत्र भरून ती आधीच दुरुस्त करावी आणि दुरुस्तीची प्रत सोबत ठेवावी. स्वतःच दुरुस्त केलेली चूक अधिकारी वेगळ्या नजरेने पाहतो.

दुसरे ठिकाण मुलांच्या खर्चाचे. मूल दुसऱ्या पालकाकडे असेल आणि न्यायालयाने खर्च ठरवून दिला असेल, तर तो जाणूनबुजून न देणे हे सद्वर्तनाच्या आड येते. हातात रोख दिलेल्या पैशांना पुरावा नसतो. राज्याच्या यंत्रणेमार्फत पैसे भरावेत, तिथला हप्त्यांचा उतारा काढून ठेवावा, आणि थकबाकी असेल तर अर्जाआधी ती फेडण्याचा लेखी करार करून त्याप्रमाणे भरणा सुरू करावा.

तिसरे ठिकाण अटकेचे. भांडणाच्या रात्री शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले, एकाला घेऊन गेले आणि पुढे खटला काढून टाकला गेला. तरीही फॉर्मवर 'कधी अटक झाली का' या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच असते. नोंद न्यायालयाने पुसली असली तरी उत्तर बदलत नाही. निकालाची प्रमाणित प्रत जोडावी. घरगुती हिंसाचारात दोषी ठरलेल्या किंवा संरक्षण आदेश मोडल्याचे न्यायालयाने ठरवलेल्या व्यक्तीने मात्र इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलल्याशिवाय एन-४०० भरूच नये, कारण तिथे प्रश्न नागरिकत्वाचा न राहता हद्दपारीचा होऊ शकतो.

अर्ज भरताना

एन-४०० च्या पहिल्याच भागात कोणत्या आधारावर अर्ज करता ते विचारले जाते. सवयीने 'नागरिकाचा जोडीदार' या चौकोनावर खूण करू नये. 'सर्वसाधारण तरतूद' हा आपला चौकोन. वैवाहिक स्थिती घटस्फोटित, आणि आतापर्यंतच्या सर्व लग्नांची संख्या खरी लिहावी. आधीचे एखादे अल्पकाळ टिकलेले लग्न असेल तर तेही. ऑनलाइन भरल्यास फी ७१० डॉलर, कागदी अर्जाची ७६०. उत्पन्न सरकारी दारिद्र्यमर्यादेच्या ४०० टक्क्यांपर्यंत असेल तर कागदी अर्जावर ३८० डॉलरची सवलतीची फी लागू होते, आणि दोन पगारांचे घर एका पगारावर आल्यावर अनेक जण या मर्यादेत येतात.

सोबत कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, लग्नाचा दाखला, सर्व घटस्फोटांचे हुकूम, कराचे उतारे आणि मुलांच्या खर्चाचे पुरावे असावेत. घटस्फोटाच्या हुकमातच माहेरचे नाव परत घेतल्याचे लिहिले असेल तर तेच कायदेशीर नाव म्हणून वापरता येते. हुकमात ते नसेल तर नाव बदलण्याची विनंती एन-४०० वरच करता येते, पण मग शपथ न्यायाधीशापुढे घ्यावी लागते आणि काही ठिकाणी त्याला जास्त वेळ लागतो.

पत्त्याची गोष्ट किरकोळ वाटते, पण ती नाही. घर सोडल्यावर दहा दिवसांच्या आत एआर-११ भरून यूएससीआयएसला नवा पत्ता कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. तो कळवला नाही तर मुलाखतीचे पत्र जुन्या घराच्या पेटीत पडते आणि ती पेटी आता दुसरे कोणी उघडते. टपाल खात्यात पत्ता बदलला म्हणजे झाले, असे समजू नये. तसेच जुने ऑनलाइन खाते जोडीदाराच्या ईमेलवर उघडलेले असेल तर स्वतःचे नवे उघडावे, आणि पूर्वी दोघांचा मिळून असलेला वकील पुढे ठेवू नये.

मुलाखत

इंग्रजी वाचणे, लिहिणे व बोलणे आणि नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा हा भाग सर्वांना सारखाच असतो. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांसाठी १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातले २० पर्यंत विचारतात आणि १२ बरोबर यावे लागतात. पहिल्या वेळी जमले नाही तर साधारण ६० ते ९० दिवसांनी पुन्हा संधी मिळते.

लग्नाविषयीचे प्रश्न बहुधा फॉर्मची पाने उलटता उलटता येतात. कुठे भेटलात, कधीपासून वेगळे राहता, मुले कोणाकडे आहेत. उत्तर लहान आणि खरे द्यावे. "आम्ही जानेवारी २०२३ मध्ये वेगळे झालो, मे महिन्यात घटस्फोट झाला," इतके पुरे. तारीख नक्की आठवत नसेल तर अंदाज अंदाज म्हणूनच सांगावा. अधिकाऱ्याने शेवटी दिलेल्या एन-६५२ या कागदावर 'निर्णय राखून ठेवला' असे असेल तर घाबरू नये, अनेकदा फक्त एखादा कागद हवा असतो. मुलाखतीनंतर १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात जाता येते. नकार आला तर ३० दिवसांत एन-३३६ भरून दुसऱ्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी मागता येते.

शपथेआधी आणि शपथेच्या दिवशी

शपथेपूर्वी एका गोष्टीचा विचार करून ठेवावा. ग्रीन कार्डाच्या वेळी जोडीदाराने आय-८६४ हे आर्थिक जबाबदारीचे हमीपत्र दिलेले असते. घटस्फोटाने ती जबाबदारी संपत नाही, आणि त्या हमीच्या आधारे माजी जोडीदाराकडून निर्वाहाची रक्कम न्यायालयामार्फत मागता येते. तुम्ही नागरिक झालात की मात्र ती संपते. कोणी अशा रकमेवर अवलंबून असेल तर नागरिक केव्हा व्हायचे, हे वकिलाशी बोलून ठरवावे. भारतीय नागरिकांच्या बाबतीत शपथ घेताच १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास करू नये, तो जमा करून ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करावा.

शपथविधीच्या पत्रासोबत एन-४४५ हा फॉर्म येतो. त्याचा पहिलाच प्रश्न असतो की मुलाखतीनंतर तुमचे लग्न झाले का, तुम्ही विभक्त झालात का, घटस्फोट झाला का, जोडीदाराचा मृत्यू झाला का. उत्तरे शपथविधीच्या दिवशी भरायची असतात, आदल्या रात्री नव्हे. पाच वर्षांच्या नियमाखाली अर्ज केलेल्या व्यक्तीला 'होय' म्हणण्यात सहसा काही धोका नसतो, फक्त त्याचा कागद बरोबर न्यावा लागतो.

शेवटी ग्रीन कार्ड परत घेतात आणि नागरिकत्वाचे प्रमाणपत्र हातात देतात. दालनात गर्दी असते, फोटो काढणे चालू असते, तरी बाहेर पडण्याआधी ते ओळ न् ओळ वाचावे : नाव, जन्मतारीख, उंची, पूर्वीचे राष्ट्र. त्यावर वैवाहिक स्थितीचीही एक ओळ असते. तिथे चुकून अजून 'विवाहित' छापलेले असेल तर टेबलाशी बसलेल्या अधिकाऱ्याला तिथेच सांगावे, कारण घरी गेल्यावर त्याच दुरुस्तीसाठी एन-५६५ हा वेगळा अर्ज करावा लागतो.